पेमेंट रिक्वेस्ट एपीआय : ब्राउझरागणिक बदलणारी वागणूक कशी सांभाळावी

वेबसाइटवर पैसे घेण्यासाठी ब्राउझरमध्येच एक तयार सोय दिलेली असते. तिचे नाव पेमेंट रिक्वेस्ट एपीआय. दुकानाच्या पानाने ब्राउझरला रक्कम, चलन आणि चालणारे मार्ग सांगायचे, ब्राउझरने स्वतःची खिडकी उघडून ग्राहकाची संमती घ्यायची आणि मिळालेले उत्तर पानाच्या हाती द्यायचे, असा तिचा व्यवहार आहे. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र त्याच कोडवर क्रोम एका रीतीने वागतो, सफारी दुसऱ्या रीतीने वागतो आणि फायरफॉक्समध्ये ही सोय मुळात चालूच नसते. नांदेड, लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर इथे शिकून गावातल्याच एखाद्या व्यापाऱ्याचे ऑनलाइन दुकान बांधायला घेतलेली बरीच मुले-मुली नेमकी इथे अडतात, म्हणून हा लेख. जावास्क्रिप्ट आणि त्यातले प्रॉमिस यांची तोंडओळख वाचकाला आहे, एवढेच गृहीत धरले आहे.

उदाहरणासाठी निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची, भौगोलिक मानांकन मिळालेली तूरडाळ विकणारा एक महिला बचत गट डोळ्यांसमोर ठेवू. त्यांचे जिल्ह्यातले ग्राहक बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनवर येतात, पुण्या-मुंबईला गेलेल्या नातेवाइकांपैकी काहींच्या हाती आयफोन असतो, आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात पाहून येणारा ग्राहक तर बहुधा पूर्ण ब्राउझरमध्ये नसतोच. तो त्या ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमधून दुकान पाहत असतो. एवढ्या एका दुकानातच सगळे फरक भेटतात.

फरक येतात कुठून

वेबचे सामाईक नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१५ मध्ये वेब पेमेंट्सचा कार्यगट स्थापन केला आणि २०१६ मध्ये या एपीआयचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अँड्रॉइडवरच्या क्रोमने ती सोय ग्राहकांना देऊनही टाकली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा तेव्हाचा एज आणि संगणकावरचा क्रोम, २०१८ मध्ये सफारी, असे एकेक ब्राउझर येत गेले. या स्पेसिफिकेशनला, म्हणजे एपीआयच्या नियमांच्या लेखी दस्तऐवजाला, अधिकृत शिफारसीचा दर्जा मिळाला तो ८ सप्टेंबर २०२२ रोजी. म्हणजे मसुदा बदलत असतानाच ब्राउझर तयार होत होते, आणि प्रत्येकाच्या अंमलबजावणीत त्या त्या वेळच्या मसुद्याचा ठसा राहिला.

याची दोन उदाहरणे नीट पाहण्यासारखी आहेत. घरपोच पत्ता, फोन क्रमांक आणि ईमेल ब्राउझरनेच ग्राहकाकडून घ्यावेत अशी तरतूद आधीच्या मसुद्यांत होती. २०२२ च्या शिफारसीतून ती वगळली गेली, पण क्रोम आणि सफारी यांच्यात तो भाग टिकून राहिला. दुसरे उदाहरण व्यापाऱ्याच्या पडताळणीचे. खिडकी उघडताना दुकान खरोखर नोंदणीकृत आहे का, हे तपासण्यासाठी 'मर्चंट व्हॅलिडेशन' नावाची एक घटना (जावास्क्रिप्टमधला इव्हेंट) मसुद्यात होती. ती नंतर काढली गेली; तरी सफारीमध्ये ॲपल पे वापरायचे असेल तर त्या घटनेला उत्तर द्यावेच लागते. स्पेसिफिकेशन वाचून कोड लिहिणाऱ्याला ही घटना कुठे दिसणारच नाही आणि सफारीत खिडकी उघडून पुढे का सरकत नाही, हे त्याला कळणार नाही.

दुसरे कारण अधिक मुळातले आहे. स्पेसिफिकेशनने सांगाडा ठरवला आहे. खिडकी कशी दिसावी आणि कोणते पेमेंटचे मार्ग चालावेत, हे ब्राउझरवर सोडले आहे. सफारीमध्ये या सांगाड्यात ॲपल पे बसते. क्रोममध्ये गूगल पे आणि इतर पेमेंट ॲप बसू शकतात, कारण बाहेरच्या ॲपला आत घेणारी 'पेमेंट हँडलर' ही वेगळी सोय क्रोमने दिली आहे. सफारीने ती दिलेली नाही. फायरफॉक्समध्ये काम झाले होते, पण ते प्रयोगाच्या आवृत्तीत, सेटिंगच्या आड राहिले. एपीआयचे नाव सगळीकडे तेच असले तरी त्याच्या आत काय भरले आहे, ते ब्राउझरवर अवलंबून आहे.

पहिली पायरी : ही सोय नसतानाही चालणारे चेकआउट

सर्वात आधी साधे चेकआउट बांधा: पत्त्याचा फॉर्म, तुमच्या पेमेंट गेटवेचे, म्हणजे दुकानाच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे, पान, आणि ऑर्डर नोंदली गेल्याचा संदेश. हे चेकआउट कोणत्याही ब्राउझरमध्ये, ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्येसुद्धा, पूर्ण झाले पाहिजे. पेमेंट रिक्वेस्टचे बटण हे त्यावरचे जादा बटण आहे. ते दिसले तर ग्राहकाचे चार टॅप वाचतात, न दिसले तर विक्री अडत नाही. उलट क्रमाने काम करणारा नवशिका आधी सुंदर खिडकी उघडून दाखवतो आणि मग 'बाकीच्यांसाठी काहीतरी' शेवटच्या दिवशी जोडतो. त्या बाकीच्यांमध्येच आपला निम्मा ग्राहक असू शकतो, हे विसरू नका.

जुने धडे वाचताना एक सावधगिरी बाळगा. इंटरनेटवरच्या अनेक धड्यांत अजूनही 'बेसिक कार्ड' हा मार्ग शिकवला जातो. त्यात कार्डाचा क्रमांक आणि मुदत थेट दुकानाच्या पानाला मिळत असे. सफारीने हा मार्ग कधीच स्वीकारला नाही आणि क्रोमने २०२२ मध्ये, १०० व्या आवृत्तीत, तो काढून टाकला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाच्या बदली दिलेला संकेतांक, वापरावे लागते. तेव्हा कार्डाचे आकडे स्वतःच्या पानावर घेण्याचा विचारही करू नका. ते काम गेटवेचे.

दुसरी पायरी : सुरक्षित पत्ता

हा एपीआय फक्त सुरक्षित पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसवर उपलब्ध असतो. स्वतःच्या संगणकावरचा लोकलहोस्ट हा पत्ता त्याला अपवाद मानला जातो, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. लॅपटॉपवर सगळे चालते. मग तेच पान फोनवर पाहण्यासाठी विद्यार्थी लॅपटॉपचा वायफायवरचा आकडेरूपी पत्ता फोनमध्ये टाकतो, आणि फोनच्या क्रोममध्ये पेमेंट रिक्वेस्ट हे नावच सापडत नाही. तो समजतो की फोन जुना आहे. खरे कारण एवढेच, की तो आकडेरूपी पत्ता सुरक्षित धरला जात नाही. फोन यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून पोर्ट फॉरवर्डिंग चालू करा, आणि फोनमध्येही लोकलहोस्ट हाच पत्ता उघडा, अडचण संपते. त्याच पानावरून फोनमधला कन्सोलही लॅपटॉपवर दिसतो, त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांना ही वायर कामी येते.

पेमेंटचा कोड आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानात, चालणार असेल, तर त्या आयफ्रेमला 'अलाउ' या गुणधर्मातून 'पेमेंट'ची परवानगी द्या. याच कामासाठी पूर्वी वेगळा गुणधर्म होता. तो आता स्पेसिफिकेशनमध्ये नाही.

तिसरी पायरी : रक्कम आणि चलन

बिल असे समजू: दोन किलो डाळीचे ३२० रुपये, पाठवणीचे ६० रुपये, एकूण ३८०. ही एकूण रक्कम एपीआयला संख्या म्हणून न देता मजकूर म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत, द्यायची असते. मजकुरात फक्त इंग्रजी अंक, हवे असल्यास दशांशचिन्ह आणि त्यापुढे पुन्हा अंक एवढेच चालते. रुपयाचे चिन्ह, हजारांनंतरचा स्वल्पविराम किंवा मोकळी जागा यांपैकी काहीही शिरले, तर खिडकी उघडण्याआधीच 'टाइप एरर' मिळते.

मराठी संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. पानावर रक्कम मराठीत दाखवण्यासाठी आपण जावास्क्रिप्टचे लोकेल मराठी-भारत असे ठेवतो, आणि त्यातून अंक आपोआप देवनागरी होतात. तीच सजवलेली रक्कम चुकून एपीआयकडे गेली तर ती नाकारली जाते, कारण स्पेसिफिकेशनमध्ये देवनागरी अंकांना रक्कम मानलेले नाही. लॅपटॉपवर इंग्रजी पान तपासणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. मराठी पान उघडणाऱ्या ग्राहकालाच ती भेटते. म्हणून दाखवायची रक्कम आणि पाठवायची रक्कम यांचे दोन वेगळे व्हेरिएबल ठेवा आणि दुसऱ्याला सजावटीचा हात लावू नका.

चलनासाठी तीन अक्षरी कोड लागतो, आपल्याकडे आयएनआर. तिथे रुपयाचे चिन्ह दिले तर 'रेंज एरर' मिळते. हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकांत करा आणि अगदी शेवटी रुपयांचा मजकूर तयार करा, जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. बिलातल्या ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळते का, हे ब्राउझर तपासत नाही. डाळ ३२०, पाठवणी ६० आणि एकूण ४८० असे दिले, तरी तो ४८० निमूटपणे दाखवतो. बेरीज जुळवणे ही सर्वस्वी आपली जबाबदारी आहे, आणि ती सर्व्हरवर पार पाडावी, कारण पानावरचे आकडे कोणीही बदलू शकते.

चौथी पायरी : मार्ग निवडणे आणि तो चालेल का ते विचारणे

पेमेंटच्या मार्गाची ओळख सहसा एका वेबपत्त्याने दिली जाते. ॲपल पेचा एक पत्ता आहे, गूगल पेचा एक आहे. भारतातल्या यूपीआयसाठी गूगल पेने जो पत्ता ठरवला त्यात अजून 'तेझ' हे नाव दिसते, कारण २०१७ मध्ये ते ॲप त्याच नावाने आले आणि २०१८ मध्ये गूगल पे झाले. या मार्गासोबत दुकानाचा यूपीआय पत्ता, दुकानाचे नाव, व्यापाराचा वर्ग सांगणारा कोड, व्यवहाराची टीप आणि तुमचा स्वतःचा संदर्भ क्रमांक द्यावा लागतो. संदर्भ क्रमांक प्रत्येक ऑर्डरला वेगळा असावा. त्याचे महत्त्व शेवटच्या पायऱ्यांत दिसेल. हा मार्ग अँड्रॉइडवरच्या क्रोमसाठी आहे. आयफोनवर त्याची अपेक्षा धरू नका. आयफोनवरचा क्रोमसुद्धा आपल्याकडे आतून सफारीचेच वेबकिट इंजिन वापरतो, त्यामुळे नाव क्रोम असले तरी वागणूक सफारीची मिळते. ॲपल पेचे म्हणाल, तर त्याचा प्रसार देशागणिक ठरतो आणि त्यासाठी डोमेनची नोंदणी, सर्व्हरवरचे प्रमाणपत्र आणि वर सांगितलेली पडताळणी हे सगळे लागते. परदेशात ग्राहक नसलेल्या दुकानाने त्यात वेळ घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्ग ठरला की प्रश्न येतो, बटण दाखवायचे की नाही. नवशिक्याचा पहिला उपाय म्हणजे पेमेंट रिक्वेस्ट हे नाव ब्राउझरमध्ये आहे का, ते पाहणे. तेवढ्याने भागत नाही. बेसिक कार्डचेच उदाहरण घ्या: क्रोमच्या १०० व्या आवृत्तीनंतर नाव जागेवरच होते, पण फक्त त्या मार्गावर विसंबलेल्या दुकानांत खिडकी उघडेनाशी झाली. ॲपच्या आतल्या ब्राउझरचीही हीच कथा आहे. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागात, ही सोय वर्षानुवर्षे नव्हती; नव्या आवृत्त्यांत ती आली, पण ॲप लिहिणाऱ्याने ती मुद्दाम चालू केली तरच मिळते.

म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा तो 'कॅन मेक पेमेंट' या मेथडने. तिच्या उत्तराचा अर्थ काळागणिक बदललेला आहे, हे माहीत नसेल तर फसगत होते. सुरुवातीच्या क्रोममध्ये होकाराचा अर्थ 'ग्राहकाकडे हा मार्ग आहे आणि त्यात कार्ड किंवा खाते जोडलेले आहे' असा होता. २०१९ मध्ये या अर्थाचे दोन भाग पडले: मार्ग चालू शकतो का, एवढेच 'कॅन मेक पेमेंट' सांगू लागली आणि खाते जोडलेले आहे का, यासाठी 'हॅज एनरोल्ड इन्स्ट्रुमेंट' ही नवी मेथड क्रोममध्ये आली. ही नवी मेथड सफारीत नाही. ती आहे का हे न पाहता बोलावली तर सफारीतले पान तिथेच चूक देऊन थांबते.

शिवाय ग्राहकाचा खासगीपणा जपण्यासाठी क्रोम अशा चौकशीवर मर्यादा घालतो. थोड्या वेळात वेगवेगळी माहिती देऊन वारंवार विचारले की उत्तर येण्याऐवजी 'नॉट अलाउड एरर' येते. ग्राहक ही चौकशी सेटिंगमधून बंदही करू शकतो. यावर चांगला उपाय म्हणजे पान उघडल्यावर एकदाच विचारावे, उत्तर सेशन स्टोरेजमध्ये ठेवावे आणि पुढे तेच वापरावे. उत्तर होकारार्थी आले तर जादा बटण दाखवा. नकार आला, चूक आली किंवा उत्तरच आले नाही, तर साधे चेकआउट तसेच पुढे चालू द्या. होकार म्हणजे पैसे येण्याची हमी नव्हे, आणि नकार म्हणजे ग्राहकाकडे यूपीआय नाही असेही नव्हे.

ब्राउझरचे नाव आणि फोनचे मॉडेल यूजर एजंटच्या मजकुरातून, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो त्या ओळीतून, ओळखून त्यानुसार कोड फोडण्याचा मोह टाळा. क्रोमने २०२३ पासून अँड्रॉइडवर तो मजकूर आखडता घेतला आहे. त्यात आता खरे मॉडेल दिसत नाही.

पाचवी पायरी : खिडकी उघडणे

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. खिडकी उघडणारी 'शो' ही मेथड ग्राहकाने नुकताच टॅप केलेला असतानाच चालावी, अशी अट स्पेसिफिकेशनमध्ये आहे, नाहीतर कोणतेही पान उघडताच पैशांची खिडकी अंगावर आली असती. ही परवानगी टॅपनंतर काही सेकंदच टिकते आणि ती किती काळ टिकते, मधल्या कामांत ती हरवते का, हे ब्राउझरागणिक वेगळे आहे. क्रोमने अलीकडे मर्यादित प्रसंगी टॅपशिवायही खिडकी उघडू दिली आहे. त्यावर विसंबू नका, टॅप लागतोच असे धरून चला.

आता नेहमीचा कोड कसा लिहिला जातो, ते पाहा. ग्राहक 'पैसे भरा' वर टॅप करतो. पान सर्व्हरला सांगते, नवी ऑर्डर तयार करून क्रमांक दे. उत्तराची वाट पाहिली जाते. क्रमांक आला की 'शो' बोलावली जाते. महाविद्यालयाच्या वायफायवर सर्व्हरचे उत्तर लगेच येते आणि खिडकी उघडते. विद्यार्थी काम झाले म्हणून समाधानाने घरी जातो. औराद शहाजानीच्या बसमध्ये बसलेल्या ग्राहकाला तेच उत्तर यायला सात-आठ सेकंद लागतात, तोवर टॅपची परवानगी संपलेली असते आणि 'सिक्युरिटी एरर' येते. ग्राहकाला फक्त न चालणारे बटण दिसते. तो पुन्हा टॅप करतो, सर्व्हरवर दुसरी ऑर्डर तयार होते, पुन्हा तेच.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला आणि माझ्या पसंतीचा: ऑर्डर टॅपच्या आधीच तयार ठेवा. ग्राहक पत्ता भरून शेवटच्या पानावर आला की लगेच सर्व्हरकडून क्रमांक आणि पक्की रक्कम मागवा, ती येईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवा, आणि टॅपच्या हँडलरमध्ये पहिलीच ओळ 'शो'ची असू द्या. दुसरा मार्ग स्पेसिफिकेशननेच दिला आहे: 'शो'ला एक प्रॉमिस द्यायचे, खिडकी लगेच उघडते आणि पक्की रक्कम मागाहून येते. तो सुरेख आहे, पण जुन्या आवृत्त्यांमध्ये 'शो'ला दिलेल्या या प्रॉमिसकडे दुर्लक्ष होते आणि ग्राहकाला कच्ची रक्कम दिसते. पाठवणीचे ६० रुपये मागाहून मिळवायचे होते आणि ते मिळालेच नाहीत, तर तोटा बचत गटाचा होतो.

एका विनंतीवर, म्हणजे पेमेंट रिक्वेस्टच्या एका ऑब्जेक्टवर, 'शो' एकदाच बोलावता येते. प्रत्येक टॅपसाठी नवी विनंती आधीच तयार ठेवा, आणि खिडकी उघडी असेपर्यंत बटण निष्क्रिय ठेवा.

सहावी पायरी : चुकांची नावे ओळखणे

खिडकी बंद झाली आणि पैसे आले नाहीत, तर एपीआय झालेल्या चुकीला एक नाव देतो. ते नाव वाचून पुढचे पाऊल ठरवावे. 'नॉट सपोर्टेड एरर' आली तर दिलेल्यांपैकी एकही मार्ग या ब्राउझरमध्ये चालत नाही. न बोलता साध्या चेकआउटकडे न्या. 'सिक्युरिटी एरर' बहुधा टॅपची परवानगी संपल्याची असते. 'इनव्हॅलिड स्टेट एरर' म्हणजे वापरून झालेली विनंती पुन्हा वापरली.

सर्वात फसवी आहे ती 'अबॉर्ट एरर'. ग्राहकाने स्वतः खिडकी बंद केली तर हीच येते, आणि दुसरी खिडकी आधीच उघडी असताना नवी उघडायला गेलात तरीही हीच येते. घाईने दोनदा टॅप करणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत दुसऱ्या टॅपची 'अबॉर्ट एरर' आधी हाती लागते, पान 'तुम्ही पेमेंट रद्द केले' असा संदेश देते, आणि पहिल्या खिडकीत ग्राहक तेव्हाच पिन टाकत असतो. पैसे जातात, आणि पान मात्र रद्द म्हणते. म्हणून या चुकीवर ऑर्डर कधीही रद्द करू नका. 'पेमेंट पूर्ण झालेले दिसत नाही, तपासत आहोत' एवढाच संदेश द्या आणि सर्व्हरला विचारा.

चुकीसोबत येणारे इंग्रजी वाक्य कोडमध्ये ताडून पाहू नका. ते वाक्य प्रत्येक ब्राउझरचे वेगळे असते आणि आवृत्तीनुसार बदलते; नाव त्या मानाने स्थिर असते.

सातवी पायरी : उत्तर हाती आल्यानंतर

ग्राहकाने संमती दिली की पानाला उत्तर मिळते. त्याच्या आतला तपशील मार्गागणिक वेगळा असतो: एका मार्गात टोकन मिळते, तर गूगल पेच्या यूपीआय मार्गात व्यवहाराची स्थिती आणि क्रमांक मिळतो. या उत्तरावर विसंबून माल पाठवू नका. ते ग्राहकाच्या फोनमधून आलेले आहे. तुमचा सर्व्हर आणि गेटवे किंवा बँक यांच्यात थेट झालेली पडताळणीच खरी. ती झाल्यावर पानाने 'कम्प्लीट' ही मेथड बोलवून यश, अपयश किंवा अनिश्चित यांपैकी एक स्थिती कळवायची, म्हणजे ब्राउझर आपली खिडकी मिटतो. ती बोलवायला विसरलात, तर ग्राहकासमोर फिरणारे चक्र किती वेळ राहते, हे पुन्हा ब्राउझरवर अवलंबून.

आपल्या भागातल्या फोनांवर आणखी एक गोष्ट वारंवार घडते आणि ती कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये सापडणार नाही. कमी मेमरीच्या फोनवर यूपीआय ॲप पुढे येताच अँड्रॉइड मागचा ब्राउझर बंद करतो. ग्राहक पिन टाकून परततो तेव्हा पान नव्याने उघडते. आधीचे प्रॉमिस नाहीसे झालेले असते, उत्तर घ्यायला कोणी नसते. पैसे खात्यातून गेले आणि समोर भरलेली टोपली तशीच. अशा ग्राहकाच्या मनात जी भीती उभी राहते, तिच्यामुळे तो पुन्हा कधी ऑनलाइन डाळ मागवत नाही, आणि म्हणूनच मला ही पायरी सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते.

उपाय अवघड नाही. टॅपच्या आधी तयार केलेला ऑर्डर क्रमांक सर्व्हरवर 'प्रतीक्षेत' या स्थितीत ठेवा आणि ब्राउझरच्या साठवणीतही लिहून ठेवा. चेकआउटचे पान उघडताच आधी पाहा, प्रतीक्षेतली ऑर्डर आहे का. असेल तर सर्व्हरला स्थिती विचारा, सर्व्हरने गेटवेला विचारावे, आणि पक्के उत्तर येईपर्यंत 'पैसे भरा' हे बटण दाखवू नका. गेटवेकडून सर्व्हरला येणारी वेबहुक सूचना एकाच व्यवहारासाठी दोनदाही येऊ शकते. संदर्भ क्रमांक एकच असल्यामुळे दुसरी सूचना नुसती ओळखून सोडून देता येते. डाळ एकदाच पाठवली जाते, पैसे एकदाच धरले जातात.

आठवी पायरी : तपासणी

वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामाईक चाचणीसंचात पेमेंट रिक्वेस्टसाठी वेगळा विभाग आहे आणि प्रत्येक ब्राउझर त्यात कुठे उतरतो, कुठे अडतो, याचे तक्ते सर्वांना पाहता येतात. ते जरूर पाहा; कोणती मेथड कुठे नाही, हे तिथे चटकन कळते. मात्र त्या तक्त्यांवर सगळे सोपवू नका. खिडकी उघडल्यानंतर माणसाने बोट लावावे लागते, म्हणून त्यातल्या बऱ्याच चाचण्या हाताने करायच्या आहेत आणि आपोआप चालणाऱ्या तक्त्यांत त्यांचे निकाल येत नाहीत. नेमक्या खिडकी उघडल्यानंतरच्या वागणुकीतच आपल्याला रस असतो.

तेव्हा खरे फोन गोळा करा. एक साधा, कमी मेमरीचा अँड्रॉइड, एक सॅमसंग त्याच्या स्वतःच्या ब्राउझरसह, आणि कोणाकडून तरी मागून आणलेला एक आयफोन एवढे पुरतात. आयफोनचा कन्सोल पाहायला मॅक लागतो आणि तो सहसा जवळ नसतो. त्याऐवजी एररचे नाव, पायरीचे नाव आणि वेळ आपल्या सर्व्हरवर पाठवणाऱ्या दोन ओळी पानात घाला. त्याच ओळी पुढे खऱ्या ग्राहकांच्या अडचणीही सांगतील; मात्र त्यात यूपीआय पत्ता, फोन क्रमांक किंवा कार्डाचा तपशील जाऊ देऊ नका.

प्रत्येक फोनवर एक रुपयाच्या खऱ्या व्यवहाराने हे प्रसंग करून पाहा: सरळ पैसे भरणे, पिन टाकण्याआधी मागे येणे, दोनदा भराभर टॅप करणे, टॅपनंतर विमान मोड चालू करणे, पिन टाकल्यावर ब्राउझर हाताने बंद करून पान पुन्हा उघडणे, मराठी पानावरून भरणे, आणि दुकानाची लिंक इन्स्टाग्रामच्या आत उघडून भरणे. प्रत्येक प्रसंगानंतर ग्राहकाला पानावर काय दिसले, सर्व्हरवर ऑर्डरची स्थिती काय राहिली आणि बँकेत काय झाले, हे तिन्ही वहीत लिहा. तिन्ही जुळत नाहीत तिथे परत जा.

ही वही ब्राउझरच्या आवृत्तीसह जपून ठेवा. क्रोमची नवी मोठी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते आणि सफारीचे मोठे बदल बहुधा आयफोनच्या नव्या आवृत्तीबरोबर सप्टेंबरच्या आसपास येतात. दिवाळीची मागणी वाढण्याआधी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, सगळे प्रसंग पुन्हा एकदा करून घ्या आणि बदललेल्या ओळींपुढे नवी तारीख घाला.